खजुरीच्या पाण्याचा हंगाम

माझे मिस्टर कुवेतला अर्दिया भागातल्या भट्टीवर कामाला लागले, तेव्हा आईला फोनवर हे कसं सांगावं याची मला पंचाईत पडली होती. आमच्या लातूरकडं भट्टी म्हटलं की दुसरा अर्थच निघत नाही.

"काय गाळतेत तिथं?" आईनं विचारलं.

"खजुरीचं पाणी."

त्यानं आणखीनच बिघडलं. शिंदीच्या झाडातून काय निघतं हे आमच्याकडं शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. मग मी तिला समजावलं की कुवेतात दारूला बंदी आहे, हे औषधी पाणी असतं, गुलाबपाण्यासारखं वाफेतून काढलेलं. पोटाला चांगलं, बाळंतिणीला देतात, चहात घालतात. आई म्हणाली, "असू दे. हाताला काम लागलं ना, बास झालं."

तिचं खरं होतं. त्याआधी ते मीना अब्दुल्ला गावातल्या तेलाच्या रिफायनरीत एका ठेकेदार कंपनीकडं फिटर होते. कंपनीचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि माणसं कमी झाली. माझी सरकारी दवाखान्यातली नर्सची नोकरी होती, घर चालत होतं, पण त्यांचा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीवर बदलून घेतला नसता तर त्यांना सामान बांधावं लागलं असतं. मिरकाबच्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये ते दिवसभर बसून राहायचे आणि घरातला प्रत्येक नळ दुरुस्त करायचे. जो गळत नव्हता तोही.

तेव्हाच आमच्या अर्दियाच्या दवाखान्यात एक म्हातारी बाई हात भाजून आल्या. मनगटापर्यंत वाफेनं पोळलं होतं. ड्रेसिंगला त्या रोज यायच्या, आणि पट्टी बांधता बांधता आमच्या गप्पा व्हायच्या. त्यांचे वडील जुन्या काळी व्यापाराला मुंबईला जायचे, त्यामुळे त्यांना मोडकंतोडकं हिंदी येत होतं. माझं अरबी तसंच मोडकं. दोन्ही मिळून आमचं एक पुरतं बोलणं व्हायचं. इथं ते मी मराठीतच लिहितेय.

हात कशानं भाजला विचारलं तर म्हणाल्या, "झाकण उडालं. नीट बसवणारं माणूस नाही."

मी म्हटलं, "माझ्या घरी एक माणूस आहे. झाकणं बसवण्यातच त्याचं आयुष्य गेलंय."

अशी ती नोकरी लागली, आणि मिस्टरांचा इकामाही त्या बाईंच्या धंद्यावर बदलून झाला.

कामाची माणसं इथं घरच्या मालकिणीला 'मामा' म्हणतात. पहिल्या दिवशी मिस्टर घरी येऊन "मामांनी उद्या लवकर बोलावलंय" म्हणाले, तेव्हा आमच्या लेकीनं मोबाइलमधून मान वर केली. "विच मामा? फ्रॉम लातूर?" ती इथंच जन्मलेली, तिला मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत येतं. त्या दिवशी आम्ही तिघंही खूप हसलो. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं होतं.

मामांचं माहेर बहरीनचं. तिथं त्यांच्या आईकडं हे पाणी निघायचं. लग्न होऊन कुवेतात आल्यावर त्यांनी घरामागच्या अंगणात एक हंडा मांडला. पुढं नवऱ्यानं अर्दियाच्या इंडस्ट्रियल भागात, गॅरेज आणि गोदामांच्या रांगेत, एक शेड घेऊन दिली. नवरा गेला. मुलांना यात रस नव्हता. राहिली ती एक मुलगी. ती बँकेत नोकरी करायची आणि संध्याकाळी फोनवरून बाटल्यांच्या ऑर्डरी घ्यायची. पुदिना, मरवा, बडीशेप, मेथी असं काही ना काही वर्षभर चालू असायचं. पण खरा धंदा खजुरीच्या पाण्याचा. त्याला इथं लगाहचं पाणी म्हणतात.

खजुरीच्या नर झाडाला मोहोर येतो तो एका लांबट, होडीसारख्या कवचात मिटलेला असतो. कवच तडकलं की वफ्राच्या शेतांवरची माणसं मोहोर काढून घेतात आणि कवच फेकून देतात. मामांना तेच हवं असायचं. थंडी ओसरताना पिकअप भरभरून ती कवचं येत. त्यांचे तुकडे करायचे, रात्रभर भिजवायचे, सकाळी तांब्याच्या हंड्यात घालून मंद आचेवर ठेवायचे. झाकणाच्या कडेला कणीक थापायची म्हणजे वाफ बाहेर जात नाही. वाफ नळीतून गार पाण्याच्या पिंपात जाते, थंड होते, आणि नळीच्या टोकाशी ठेवलेल्या काचेच्या बरणीत थेंब थेंब पाणी उतरतं. मिस्टर म्हणायचे, "मीना अब्दुल्लात हेच चालतं. फक्त तिथला हंडा दहा मजली असतो."

हंगाम छोटा. कवचं शिळी झाली की कामाची नाहीत, म्हणून वर्षभराचं पाणी त्याच काही आठवड्यांत काढून ठेवावं लागतं. त्या दिवसांत मीही दवाखाना सुटला की शेडवर जायची. बाटल्या भरायच्या, बुचं लावायची, पुसायच्या. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मिस्टरांना एकट्याला त्या वाफेत सोडून घरी जाऊन बसणं जमायचं नाही. दिवसभर उभी राहिलेली मी तिथंही उभीच असायची. घरी येऊन मोजे काढले की पायांवर रेघा उमटलेल्या असत.

मामा मात्र बसून असायच्या. नळीच्या टोकाशी एक खुर्ची, हातात बारीक काचेचा पेला. थोड्या थोड्या वेळानं त्या चार थेंब पेल्यात धरायच्या, नाकाशी न्यायच्या आणि परत टाकून द्यायच्या. सुरुवातीचं पाणी कच्चं, हिरवट वासाचं असतं, ते बाजूला जातं. मग खरा वास येतो. नवं सूप पहिल्यांदा धुतल्यावर येतो तसा, त्यात जरासा गोडवा. आणि मग एक वेळ येते की तो वास उतरतो, उकडलेल्या लाकडाचा वास सुरू होतो. ती वेळ यायच्या अगदी आधी मामा म्हणायच्या, "बस." त्यांच्या अरबीतही तो शब्द तोच आहे. मिस्टर गॅस बंद करायचे. एक मिनिट इकडं नाही, एक मिनिट तिकडं नाही. मी त्यांना कधी चुकलेलं पाहिलं नव्हतं.

गेल्या वर्षी हंगाम आणि रमझान एकत्र आले. दवाखान्याच्या वेळा बदलल्या, आम्हा नर्सांच्या ड्युट्या उलटसुलट झाल्या. उपास करणाऱ्यांसमोर पाणीही प्यायचं नाही म्हणून मी दुपारभर कोरडी राहायची. त्याच दिवसांत मिस्टर एकदा जेवता जेवता म्हणाले, "यंदा पाण्यात काहीतरी चुकतंय."

"म्हणजे?"

"उशिरा बंद होतंय. उकडल्याचा वास येतोय. पण मामांना कोण सांगणार? मला काय कळतं त्यातलं."

मी म्हटलं, उपासामुळं होत असेल. पण डोक्यात ते राहिलं.

मी आठवड्यातून एकदा मामांचं बीपी बघायची. त्या खेपेला त्यांच्या बोटाला कवचाची कड लागून चीर पडली होती. मी पिशवीतला स्पिरिटचा बोळा काढला. एरवी स्पिरिट दिसलं की त्या तोंड फिरवायच्या, "तुमच्या दवाखान्याचा वास इथं आणू नको" म्हणायच्या. त्या दिवशी शांत बसून बघत राहिल्या. मी दुसरा बोळा ओला केला आणि सहज हात वर गेल्यासारखा त्यांच्या नाकापाशी धरला. काही नाही. डोळ्याची पापणीही हलली नाही.

"मामा," मी म्हटलं, "तुम्हाला वास येत नाही ना?"

त्यांनी आधी दाराकडं पाहिलं. मुलगी बाहेर गाडीत खोकी ठेवत होती. "हळू बोल," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"थंडीत ताप आला होता, त्यानंतर."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"डॉक्टर काय नवं नाक देणार आहे?"

तापानंतर वास गेलेले पेशंट आम्ही दवाखान्यात बरेच बघितले होते. काहींचा परत येतो, काहींचा येत नाही. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू हे त्यांचं स्वतःला आधीच बऱ्याचदा सांगून झालं होतं.

"मग पाणी कसं काढताय?"

"अंदाजानं. इतकी वर्षं काढतेय."

मी चिरेवर पट्टी गुंडाळत राहिले. तेवढ्यावरूनच त्यांना कळलं असावं. त्यांचा हात माझ्या हातात होता, तो एकदम जड झाला.

"खराब होतंय का?"

"मिस्टर म्हणतात, उशीर होतोय."

त्यांनी हात काढून घेतला. मग म्हणाल्या, "मुलीला सांगू नको. ती मला घरी बसवेल. दिवसभर बँक, संध्याकाळी हे, ती दमलीय, मला दिसतं. तिला एवढं निमित्त पुरेल." आणि मग, "तू बस माझ्याजवळ. तुझं नाक चांगलं आहे. एवढा हंगाम पार पाड."

मला नाही म्हणायचं होतं. खरं सांगते, त्या क्षणी मला फक्त घरी जाऊन आडवं व्हायचं होतं. पण समोर त्या बसल्या होत्या, आणि पलीकडं मिस्टर गुडघ्यावर बसून झाकणाला कणीक थापत होते. त्यांच्या इकाम्याचा विषय मामांनी कधी काढला नव्हता, तेव्हाही काढला नाही. माझ्या मनात मात्र तो आला. मी म्हटलं, "बसते."

मग रोज दवाखाना सुटला की मिस्टर पिकअप घेऊन मला न्यायला यायचे. दुपारचं गाळप माझ्या वेळेवर लावलं जाऊ लागलं. मामांच्या शेजारी मी बसायची, त्यांचं मनगट हातात धरून. कुणी पाहिलं तर नाडी बघतेय असं वाटावं. त्या पेला धरायच्या, आधी स्वतःच्या नाकाशी न्यायच्या, मग बोलता बोलता माझ्याकडं झुकवायच्या. वेळ झाली की मी मनगट दाबायची, आणि त्या म्हणायच्या, "बस." आवाज पूर्वीसारखाच, ठाम.

पहिले दोनचार दिवस मला काही उमजेना. थोडा वेळ वास घेतला की नाक बधिर व्हायचं. मामांनीच शिकवलं, "मधे आपल्या बाहीचा वास घे. आपला स्वतःचा. मग पुन्हा पेला." मी बाहीचा वास घेतला तर तिथंही स्पिरिटच. मग कामावरून निघताना कपडे बदलायला लागले. हळूहळू जमलं. तो वास उतरायला लागला की घशात काहीतरी कडवट लागायचं, तेच मी धरून ठेवलं.

मिस्टरांना मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं.  नंतरच्या दिवशी माझ्यासाठी पाठ टेकायची खुर्ची आणून ठेवलेली दिसली.

असे दिवस गेले. मला त्या दिवसांचं वेगवेगळं काही आठवत नाही. दवाखाना, पिकअप, नळीचं टोक, घर. मिरकाबच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद होती, जिना चढताना मी मधल्या मजल्यावर कठड्याला टेकून उभी राहायची. लेक म्हणायची, "आई, यू लुक टेरिबल." मी म्हणायची, "भात लाव." ती लावायची. बाहेर धुळीचे दिवस सुरू झाले होते, डोळे चुरचुरायचे. मामाही थकत चालल्या होत्या. उपासानं असेल, पण मला वाटतं, ज्याचा वासच येत नाही ते नाकाशी धरून चेहरा जाग्यावर ठेवणं हेच फार मोठं काम होतं.

ईद जवळ आली तशी दवाखान्यात गर्दी वाढली. त्यातल्या एका दिवशी दोघी नर्स आल्या नव्हत्या आणि मी सकाळपासून एकदाही बसले नव्हते. शेडवर आले, खुर्चीत टेकले, मामांचं मनगट धरलं. हंडा तापला, थेंब सुरू झाले. पेला माझ्याकडं आला. मला काही कळलं नाही. बाहीचा वास घेतला, पुन्हा पेला. पुन्हा काही नाही. गरम वाफ तेवढी लागत होती. पेले येत राहिले, बरणी भरत राहिली, आणि मला कच्चं कुठलं, चांगलं कुठलं, काही म्हणजे काही सांगता येईना.

मी मनगट सोडलं. "मामा," मी मोठ्यानंच म्हटलं, "आज मला कळत नाहीये. कशाचाच वास येत नाहीये."

त्या माझ्याकडं वळल्या. "ताप आहे?"

"नाही. दमलेय. मला आता नाही जमायचं."

मला वाटलं, त्या रागावतील, नाहीतर गयावया करतील. त्यांनी पेला शांतपणे खाली ठेवला, डोक्यावरचा काळा अबाया सारखा केला आणि म्हणाल्या, "मलाही कधीचं जमत नाहीये." त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. मग मिस्टरांनी न विचारता उठून गॅस बंद केला. ते पाणी चांगलं होतं की वाईट, मला आजही माहीत नाही.

मामांनी मुलीला हाक मारली. ती बाहेरून आली, हातात चिकटपट्टीचं रीळ. आईनं अरबीत, भराभर, एका दमात सगळं सांगितलं. मला त्यातलं निम्मं कळलं. मुलगी उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसली. थोड्या वेळानं तिनं माझ्याकडं बघून इंग्रजीत विचारलं, "तू नर्स आहेस. तू तरी मला सांगायला हवं होतंस ना?"

 मामाच मधे पडल्या, "मी नको म्हटलं होतं तिला."

मुलगी चिकटपट्टीचं टोक नखानं शोधत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं, वयामुळं तिचा अंदाज चुकायला लागलाय. हंगामाच्या सुरुवातीचं पाणी उकडलेलं होतं, मला कळलं होतं. मला तिला सांगवेना. त्या बाटल्या मी विकल्याच नाहीत. घरी जिन्याखाली ठेवल्यात सगळ्या."

"सगळ्या?" मामांनी विचारलं.

"सगळ्या."

"आणि मी विचार करत होते," मामा म्हणाल्या, "एवढं खराब पाणी लोक तक्रार न करता पितात कसं."

मायलेकी एकमेकींकडं बघत राहिल्या. आधी मुलगी हसली की रडली, मला नक्की सांगता येत नाही. मामांनी तिचं डोकं जवळ ओढून घेतलं. मी उठून बाहेर पिकअपमध्ये जाऊन बसले. मिस्टर आले तेव्हा मी झोपून गेले होते.

उरलेल्या कवचांचं पाणी मुलीनं सुट्टी घेऊन काढलं. तिचं नाक आईइतकं तरबेज नव्हतं, पण होतं. मिस्टरांनी बरणीवर एक खूण केली, साधारण तिथंवर पाणी आलं की सावध व्हायचं म्हणून. काही बाटल्या उत्तम निघाल्या, काही ठीक. गिऱ्हाइकांपैकी कुणाला तो फरक कळला नाही. मला आधी याचं वाईट वाटलं, नंतर वाटेनासं झालं.

यंदाच्या हंगामात एक हंडा कमी मांडला. कवचं कमी मागवली. मुलगी बँकेतून लवकर येते. मिस्टरांचा इकामा तिथंच आहे, त्यांचे गुडघे मात्र आता त्या फरशीवर टेकत नाहीत, ते एक बुटकं स्टूल घेऊन फिरतात. मी शेडवर गेले नाही. कुणी बोलावलंही नाही, आणि हे न बोलावणं मला त्यांचा मोठेपणाच वाटला.

मामा घरी असतात. वास परत आलेला नाही. कॉफी भाजताना "काहीतरी" जाणवतं म्हणतात, पण ते काय, ते त्यांनाही सांगता येत नाही. बीपी बघायला मी शुक्रवारी त्यांच्याकडं जाते. गेल्या खेपेला गेले तेव्हा दुपार होती आणि त्या दिवाणावर आडव्या होत्या. मला बघून उठून बसल्या, केस सारखे केले.

"झोपला होतात? मी नंतर येते," मी म्हटलं.

"ये, ये. आता रोज झोपते." आणि माझ्या दंडाला धरून खाली बसवत म्हणाल्या, "दुपारी झोपायला एवढं छान वाटतं, हे मला आजवर कुणी सांगितलं का नाही?"

बीपी चांगलं होतं. यंत्र गुंडाळून मी उठायला लागले तर त्यांनी समोरच्या दिवाणाकडं बोट दाखवलं. मी म्हटलं, घरी जायचंय, स्वयंपाक व्हायचाय. त्यांनी ऐकलं नाही, उशी सारली. मी चपला काढल्या आणि पाच मिनिटं म्हणून पाठ टेकली. जाग आली तेव्हा दुपार कलतानाची नमाज कधीच होऊन गेली होती, मामा पलीकडं घोरत होत्या, आणि माझ्या अंगावर कुणीतरी पातळ चादर घातली होती.